बेताच्या बजेटमध्ये ऑफिसच्या कामासाठी टिकाऊ लॅपटॉप कोणता घ्यावा?

तुमच्या प्रश्नात तीन पर्याय आहेत. पहिला, इंटेलच्या सातव्या जनरेशनचा (पिढीचा) आय ७ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबी हार्ड डिस्क असलेला वापरलेला लॅपटॉप. दुसरा कोरा करकरीत, एएमडीचा रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर आणि ८ जीबी रॅमवाला. तिसरा, कुठल्याशा कंपनीतून निघालेला, साधारण तीन वर्षं वापरलेला डेलचा लॅटिट्यूड. त्यात बाराव्या जनरेशनचा आय ५, ८ जीबी रॅम आणि रॅमचा एक स्लॉट रिकामा. तिघांच्या किमती जवळपास सारख्या. काम म्हणजे दिवसभर ब्राउझर, एक्सेल, मेल आणि व्हिडिओ कॉल. गेम नाहीत, एडिटिंग नाही. आणि अपेक्षा एवढीच की पुढची चार-पाच वर्षं डोक्याला ताप नको.

तिसरा घ्या. का ते सविस्तर सांगतो, कारण तो हातचा गेला तर दुसरा शोधताना हेच सगळं पुन्हा तपासावं लागेल.

एका ऑफिसातले लॅपटॉप चालू ठेवणं हे माझं काम आहे. माझ्या टेबलावर येणाऱ्या मशीनमध्ये प्रोसेसर जळालाय असं फार क्वचित दिसतं. येतात ती बिजागरी उखडलेली, चार्जिंगची पिन सैल झालेली, बॅटरी फुगून टचपॅड वर आलेली, कीबोर्डवर पाणी सांडलेली, नाहीतर रॅम कमी पडून दर दहा मिनिटांनी हँग होणारी. जाहिरातीत मात्र सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेलं असतं ते प्रोसेसरचं नाव. बिजागरी कशाला स्क्रूने जोडलीय हे कोणी छापत नाही.

त्या बिजागरीबद्दलच आधी बोलू. स्वस्त घरगुती मॉडेलमध्ये बिजागरीचे स्क्रू बऱ्याचदा प्लास्टिकमध्ये रोवलेल्या पितळेच्या बारीक नटांत बसवलेले असतात. बिजागरी जरा घट्ट, खालचं प्लास्टिक पातळ, आणि आपण झाकण एका कोपऱ्याला धरून उघडणार. सगळा ताण त्या नटांच्या भोवतीच्या प्लास्टिकवर येतो. दोनेक वर्षांनी एक दिवस 'कट्ट' होतं आणि झाकण उघडताना खालच्या बॉडीचा कोपराही त्याच्याबरोबर वर उचलला जातो. नट प्लास्टिकसकट निघालेले असतात. मग एकतर एपॉक्सी भरून वेळ मारून न्यायची, नाहीतर अख्खं कव्हर बदलायचं. शिवाय डिस्प्लेची वायर तिथूनच वर जाते, ती चिमटली की स्क्रीन लुकलुकायला लागते. गंमत म्हणजे हे सगळं झालं तरी आतला आय ७ ठणठणीत असतो.

त्यामुळे लॅपटॉप हातात घेतल्यावर स्पेसिफिकेशनचा कागद बाजूला ठेवा आणि झाकण सावकाश उघडून बघा. बिजागरीपाशी बॉडीची फट रुंदावते का? करकर येते का? कीबोर्डच्या मधोमध बोटाने दाबलं तर तो खाली दबतो का? एका कोपऱ्याला धरून उचलला तर पिळवटतो का? एवढ्याला दोन मिनिटं पुरतात, आणि चार रिव्ह्यू वाचूनही कळणार नाही ते कळतं.

कंपन्यांना विकले जाणारे लॅपटॉप इथेच वेगळे पडतात. लेनोवोची थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक आणि प्रोबुक या त्या मालिका. त्याच कंपन्यांच्या आयडियापॅड, इन्स्पिरॉन, पॅव्हिलियन या घरगुती वापराच्या. बनवणारा एकच असला तरी हिशेब वेगळा असतो. कंपन्या शेकड्याने लॅपटॉप घेतात आणि सोबत तीन-तीन वर्षांचा जागेवर येऊन दुरुस्तीचा करार करतात. बिजागरी तुटली तर भुर्दंड बनवणाऱ्यालाच. म्हणून तिथे धातूची चौकट येते, मागचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं, बॅटरी आणि कीबोर्डसारखे सुटे भाग बरीच वर्षं मिळत राहतात. या तिन्ही कंपन्या दुरुस्तीची मॅन्युअल आपल्या साइटवर फुकट ठेवतात. घेण्याआधी त्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून बॅटरी बदलायला किती पायऱ्या आहेत ते बघायची मला सवयच आहे.

मात्र नुसत्या नावाला भुलू नका. थिंकपॅडमध्ये टी मालिका ई मालिकेपेक्षा वरची, लॅटिट्यूडमध्ये ५००० आणि ७००० चे आकडे ३००० पेक्षा वरचे, एचपीत एलिटबुक हे प्रोबुकच्या वर. डेलने तर २०२५ च्या सुरुवातीला नावंच बदलली, नव्या मशीनवर लॅटिट्यूडऐवजी 'डेल प्रो' दिसेल. तसंच 'मिलिटरी ग्रेड' या शिक्क्याने हुरळून जाऊ नका. एमआयएल-एसटीडी-८१० हे अमेरिकी लष्कराचं चाचण्यांचं मानक आहे खरं, पण त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या आणि किती कडक, हे उत्पादक स्वतः ठरवू शकतो. लष्कर येऊन प्रमाणपत्र देत नाही.

आता तुमचा पहिला पर्याय. सातव्या जनरेशनचा आय ७, म्हणजे समजा आय ७-७५००यू. हा २०१६ सालचा, आणि त्यात कोअर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे भाग, फक्त दोन. पुढच्याच वर्षी आलेल्या आय ५-८२५०यू मध्ये चार कोअर आहेत, म्हणजे नावाने 'लहान' असलेला भाऊ त्याला सहज मागे टाकतो. आय ३, आय ५, आय ७ ही तुलना एका जनरेशनच्या आत करायची असते. जनरेशन बदललं की ती कुचकामी. यापेक्षा मोठी अडचण म्हणजे मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी ठरवलेल्या यादीत इंटेलचे प्रोसेसर जवळजवळ आठव्या जनरेशनपासूनच सुरू होतात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आडवाटेने विंडोज ११ टाकता येतं, पण ऑफिसच्या कामाच्या मशीनवर ती कटकट कोणी मागून घ्यावी? त्यात हार्ड डिस्क. १ टीबी हा आकडा दिसायला मोठा, पण चालू व्हायला मिनिटं लागणार आणि अपडेटच्या दिवशी काम ठप्प. हा पर्याय इथेच सोडा.

दुसरा पर्याय अधिक फसवा आहे, कारण तो नवा आहे. एएमडीच्या ७००० मालिकेत लॅपटॉपच्या प्रोसेसरचा तिसरा आकडा आतली रचना कोणत्या पिढीची ते सांगतो. ७५२०यू मधला तिसरा आकडा २, म्हणजे झेन २. ही रचना २०१९ ची. कोअर चार. ७५३०यू म्हणजे झेन ३ आणि सहा कोअर. ७५४०यू म्हणजे झेन ४. तिघांच्याही डब्यावर 'रायझन ५' असंच लिहिलेलं. बरं, मेल आणि एक्सेलसाठी चार कोअर पुरतील असं म्हणू, पण खरी गोम पुढे आहे. ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ प्रकारच्या रॅमवर चालतो, आणि त्या मशीनमध्ये ही रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे डाख देऊन कायमची जोडलेली असते. आज ८ जीबी घेतलीत तर शेवटपर्यंत ८ जीबीच. त्यातलाही एक तुकडा ग्राफिक्स स्वतःसाठी राखून ठेवतो. ब्राउझरचे वीस टॅब, एक व्हिडिओ कॉल आणि एक जड एक्सेल फाइल एकत्र उघडली की विंडोज एसएसडीलाच (हार्ड डिस्कच्या जागी येणाऱ्या वेगवान स्टोरेजला) रॅमसारखं वापरायला लागतं आणि कॉलवर तुमचा आवाज तुटायला लागतो. पाच वर्षं वापरायचा लॅपटॉप ८ जीबी सोल्डर रॅमवर घेऊ नये, कितीही स्वस्तात मिळो. १६ जीबी सोल्डर असेल तर चालेल. ८ जीबी आणि रिकामा स्लॉट असेल तर उत्तमच, आज पैसे वाचवा आणि जमेल तेव्हा भर घाला.

विकणाऱ्याला 'रॅम वाढते का?' असं विचारलं की उत्तर नेहमी 'हो' येतं. त्याऐवजी 'स्लॉट किती, त्यातले रिकामे किती?' असं विचारा. तेही मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या साइटवर पडताळा. लेनोवोची पीएसआरईएफ नावाची साइट यासाठी छान आहे, प्रत्येक मॉडेलच्या रॅमपुढे सोल्डर की स्लॉट ते स्पष्ट दिलेलं असतं.

बाराव्या जनरेशनचा आय ५, उदाहरणार्थ १२३५यू किंवा १२४५यू, यांच्यात दहा कोअर असतात, दोन ताकदीचे आणि आठ वीज वाचवणारे. तुमच्या कामाला हे भरपूर झालं. नावाच्या शेवटचं अक्षर तेवढं बघा. यू असेल तर कमी तापणारा, बॅटरी जास्त वेळ पुरवणारा. एच असेल तर ताकद जास्त, पण पंख्याचा आवाज आणि चार्जर सोबत बाळगायची तयारी हवी. एसएसडी एनव्हीएमई या वेगवान प्रकारची ५१२ जीबी असली की झालं.

स्क्रीनवर मात्र लोक पुरेसा विचार करत नाहीत, आणि दिवसाचे आठ तास बघायचं तिच्याकडेच. २५० निट्स (उजेडाचं माप) आणि ४५ टक्के एनटीएससी (रंगांचं माप) असं लिहिलेलं असेल तर ती फिकट, धुरकट स्क्रीन असते आणि खिडकीपाशी बसलात तर डोळे ताणावे लागतात. ३०० निट्स किंवा जास्त, आयपीएस (बाजूनेही नीट दिसणारी), मॅट (न चमकणारी) आणि किमान १९२०×१०८० हवी. १९२०×१२०० मिळाली तर एक्सेलच्या चार ओळी जास्त दिसतात. कंपन्यांतून निघालेल्या मशीनमध्ये एकाच मॉडेलला दोन-तीन प्रकारच्या स्क्रीन असतात, त्यामुळे फोटोवर न जाता नेमकी कोणती लावलीय ते विचारून घ्या. टाइप-सी वरून चार्ज होणारा असेल तर आणखी चांगलं. एक पिन सैल झाली तर दुसऱ्या पोर्टवरून भागतं, आणि चार्जर हरवला तर त्याच कंपनीचा शोधत फिरावं लागत नाही.

मॅकबुक एअरचं तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. एम१ वाला २०२० चा एअर बिनपंख्याचा, शांत, बॅटरीला चिवट. पण रॅम आणि स्टोरेज दोन्ही कायमचं ठरलेलं. तुमच्या ऑफिसचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल तर विषयच संपला.

आता तिसरा पर्याय घेताना काय तपासायचं. वापरलेला आहे, तेव्हा बॅटरी उतरलेली असणारच, प्रश्न किती एवढाच. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून स्लॅश आणि 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप करा. एक फाइल तयार होते. तिच्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज केल्यावर मिळणारी क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून बोला. 'बॅकअप सहा तास' वगैरे तोंडी बोलण्याला अर्थ नाही. ५० वॉट-अवरची बॅटरी आणि सरासरी १० वॉटचा वापर म्हणजे पाच तास, असा साधा भागाकार आहे.

त्यानंतर मशीन बंद करून चालू करा आणि विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये जा. पासवर्ड मागितला आणि विकणाऱ्याला तो माहीत नसेल तर तिथूनच परत फिरा. या मालिकांमध्ये मदरबोर्डवरचा छोटा सेल काढून पासवर्ड उडत नाही. दुसरी अडचण जरा लपलेली असते. मशीन रीसेट करून इंटरनेटला जोडल्यावर सुरुवातीच्या सेटअपमध्येच जुन्या कंपनीच्या नावाचं लॉगिन समोर आलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. ते फक्त त्या कंपनीलाच सोडवता येतं. म्हणून रीसेट तुमच्या डोळ्यांसमोर, इंटरनेट जोडून करायला सांगा. आधीच 'सगळं करून ठेवलेलं' मशीन नको.

बाकी नेहमीचं. प्रत्येक की दाबून बघा, प्रत्येक पोर्टमध्ये काहीतरी जोडून बघा, स्क्रीनवर पूर्ण पांढरं चित्र लावून डाग शोधा, कॅमेरा आणि माइकवर एक कॉल लावा. अर्धा तास चालू ठेवून पंखा किती ओरडतो ते ऐका. आणि विकणाऱ्याकडून किमान सहा महिन्यांची वॉरंटी बिलावर लिहून घ्या.

घरी आणल्यावर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावा. लॅटिट्यूडमध्ये ही सोय बायोसमध्येही असते. दिवसभर चार्जर लावून टेबलावर काम करणाऱ्यांच्या बॅटऱ्या फुगतात त्या बहुतेक कायम १०० टक्क्यांवर आणि गरम राहिल्यामुळे. रिकाम्या स्लॉटसाठी दुसरी ८ जीबीची स्टिक घेताना तुमच्या मशीनला डीडीआर४ लागते की डीडीआर५ ते आधी बघा. बाराव्या जनरेशनमध्ये दोन्ही प्रकारची मशीन आहेत, आणि एकीची रॅम दुसऱ्यात बसत नाही.