वाचकांचे प्रश्न : कॅप्टन गुन्हेगार की बंडखोर?

प्रश्न : मी शहापूर, बेळगाव येथे राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. सुट्टीत आलेल्या माझ्या नातवंडांत एका अमेरिकन चित्रकथेवरून कडाक्याचे भांडण झाले. तिच्यात शील्ड नावाची सरकारी गुप्तहेर संघटना कॅप्टन अमेरिकाच्याच मागे लागते. कायदा मोडला म्हणजे तो गुन्हेगार, असे नातू म्हणतो. नातीच्या मते तो बंडखोर आहे. ‘आजी, तूच सांग’ म्हणून दोघेही माझ्यापुढे येऊन बसतात. मी काय सांगावे?

उत्तर : आपण वर्णन करता ती कथा ‘सिव्हिल वॉर’ असणार. मार्क मिलर यांनी लिहिलेली आणि स्टीव्ह मॅकनिव्हन यांनी रेखाटलेली ही मालिका २००६-०७ मध्ये सात अंकांत आली आणि मार्व्हल या प्रकाशनसंस्थेच्या इतर कित्येक मालिकांत तिचे धागे गुंतवले गेले.

नातवाला प्रथम एवढेच विचारावे, की कॅप्टनने नवे असे काय केले? तो काल जे करत होता तेच आजही करत होता. मधल्या काळात मुखवटा घालून लढणाऱ्या प्रत्येकाने सरकारदरबारी आपले खरे नाव नोंदवावे असा कायदा आला, आणि तो न मानणारे फरारी ठरले. आपल्या भागातील वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, तेव्हा त्यासाठी कोणी घराचा उंबरा ओलांडला नव्हता. माणसे होती तिथेच राहिली आणि हद्द त्यांच्या डोक्यावरून सरकली. अर्थात ही तुलना एवढ्यापुरतीच घ्यावी, पुढे ताणू नये.

मात्र नातूही अगदीच चुकीचा नाही. कथेची सुरुवात स्टॅमफर्ड गावात होते. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमासाठी चित्रीकरण करत फिरणारे काही तरुण नायक आपल्या आवाक्याबाहेरच्या खलनायकांवर चालून जातात, त्यांतील नायट्रो स्वतःचाच स्फोट घडवतो आणि शाळेतल्या मुलांसह सहाशेहून अधिक माणसे मरतात. ज्यांची मुले त्यात गेली, त्यांनी ‘तुम्हांला हा अधिकार दिला कोणी?’ असे विचारले, तर त्यात वावगे काय? या प्रश्नाला वजन आहे म्हणूनच पुढची लढाई वाचावीशी वाटते.

पहिल्या अंकातील एक प्रसंग नातवंडांना पुन्हा, सावकाश वाचायला लावावा. शील्डच्या आकाशात तरंगणाऱ्या तळावर प्रमुख मारिया हिल कॅप्टनला बोलावून घेते आणि कायदा झाल्यावर नोंदणी नाकारणाऱ्यांना पकडून आणण्याचे काम त्याच्यावर सोपवू पाहते. तो नकार देतो, आणि पाहता पाहता भोवतालच्या शिपायांच्या बंदुका त्याच्यावर रोखल्या जातात. कायदा अजून मंजूरही झालेला नाही! शेवटी तो काच फोडून बाहेर उडी घेतो आणि उडत्या लढाऊ विमानाच्या पाठीवर उभा राहून निसटतो. आणखी एक गंमत अशी, की शील्डचा जुना प्रमुख निक फ्युरी तेव्हा स्वतःच भूमिगत असतो आणि या फरारी नायकांना लपायला जागा व खोटी ओळखपत्रे तोच पुरवतो. १९६५ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ज्याच्यासाठी ही संघटना कल्पिली, तोच शेवटी तिच्या विरुद्ध अंगाला उभा राहिला.

माझी तक्रार चौथ्या अंकापासून सुरू होते. तेथे सरकारपक्ष थॉर या महाबलाढ्य नायकाचा कृत्रिम अवतार तयार करतो, तो एका नायकाला ठार मारतो, आणि तराजूचे एक पारडे लेखकाने स्वतःच बोट लावून खाली दाबल्यासारखे वाटते. सातव्या अंकात मात्र तोल सावरला आहे. कॅप्टन सरकारपक्षाकडून लढणाऱ्या आयर्न मॅनवर शेवटचा घाव घालणार, तोच त्याला खाली पाडणारे हात अग्निशामक दलाचे जवान, पोलीस अशा साध्या माणसांचे असतात. भोवतालचे उद्ध्वस्त शहर पाहून तो मुखवटा उतरवतो आणि स्टीव्ह रॉजर्स या आपल्या खऱ्या नावाने अटक करून घेतो. ते पान दोघांपुढे ठेवावे आणि आपण मध्ये पडू नये.

प्रश्न : हेर आणि गुन्हेगार एकाच बाजूने लढतात, अशी एखादी कथा सुचवाल का? (महाविद्यालयीन वाचक, निपाणी)

उत्तर : डीसी या दुसऱ्या अमेरिकन चित्रकथा प्रकाशनसंस्थेच्या ‘सुसाइड स्क्वॉड’ मालिकेतील १९८९ ची ‘जेनस डिरेक्टिव्ह’ पाहावी. त्यातील सरकारी अधिकारी अमँडा वॉलर शिक्षेत सूट देण्याच्या बोलीवर तुरुंगातील खलनायकांना गुप्त मोहिमांवर धाडते. या कथेत कोब्रा नावाचा खलनायक तिची संघटना आणि ‘चेकमेट’सारख्या इतर गुप्तचर संस्थांना आपसांत झुंजवतो. अकरा भाग पाच मालिकांत विखुरलेले आहेत, म्हणून सुट्या अंकांच्या मागे लागण्यापेक्षा एकत्रित आवृत्ती मिळाल्यास तीच घ्यावी.