रात्रपाळी आणि जादा काम

प्रश्न : माझे पती चाकणच्या कारखान्यात कामगार आहेत. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. रात्रपाळीनंतरही थांबवून घेतात, जादा कामाचे पैसे मात्र साध्या दराने. घरात चिडचिड वाढलीय.
– एक वाचक, भोसरी

उत्तर : ताई, आधी पैशांचं बोलते. आठवड्यात ४८ तासांपुढे काम केलं तर कामगाराला दुप्पट दर मिळायलाच हवा. तो हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे! हजेरीच्या नोंदी, पगारपत्रकं जपून ठेवा आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या पुणे कार्यालयात लेखी तक्रार द्या.

चिडचिडीचं मूळ मला अपुऱ्या झोपेत दिसतं. माझ्या नवऱ्याची रात्रपाळी असायची तेव्हा मी खिडकीला जाड चादर लावायची, बेल बंद ठेवायची. कुकर ते उठल्यावरच. सासूबाईंनाही हे समजावून सांगा.