बेड्यांच्या अलीकडचं विचार

प्रिय मुली,

अमेरिकेनं परत धाडलेल्या ब्राझिली माणसांवरचं तुझं टाचण वाचलं. सुरुवात बेड्यांपासून केली आहेस, साहजिकच आहे. 24 जानेवारी 2025 ला 88 जणांना घेऊन ब्राझीलमधल्या बेलो ओरिझोंतीला निघालेलं विमान बिघाडामुळे वाटेत तिथल्याच मनाउसला उतरलं. एसी बंद, आणि माणसं हातापायांत बेड्या घालून बसलेली. ब्राझील सरकारनं त्या काढायला लावल्या आणि पुढे स्वतःच्या हवाई दलाच्या विमानानं त्यांना घरी पोचवलं. पंधरवड्याच्या आत अमृतसरला उतरलेल्या आपल्या लोकांचीही तीच गत झाली होती, त्यात महाराष्ट्रातलेही होते.

पण हे सगळ्यांनी लिहून झालंय. शिवाय अशी विमानं 2019 पासून येताहेत. दोन्हीकडची सरकारं बदलली, बेड्या राहिल्या. एकाच पुढाऱ्याच्या नावानं खडे फोडून मोकळी होऊ नकोस.

तू गोव्हर्नादोर व्हालादारिसला जा. मिनास जेराइस राज्यातलं हे शहर. दुसऱ्या महायुद्धात अभ्रकासाठी अमेरिकन तिथे आले, ओळख तेव्हाची. 1980 च्या दशकात महागाईनं कंबरडं मोडलं आणि घरटी कोणी ना कोणी बोस्टनची वाट धरू लागलं. तिकडून आलेल्या डॉलरवर इथे घरं चढली. एखादं अर्धवट घर दिसलं, तर वरचा मजला कोणत्या साली थांबला ते विचार. बाकीची कहाणी आपसूक निघेल.

मग कर्जाचं विचार. चोरवाटेनं अमेरिकेत पोचवणाऱ्या दलालाचे पैसे उभे करायला कोणी घर गहाण टाकतं, कोणी मेहुण्याकडून उसने घेतं. माणूस परत आला म्हणून व्याज थांबत नाही. बुटाच्या नाड्यासुद्धा कोठडीत काढून घेतलेल्या, तशा बुटांनी तो घरी येतो आणि दारात पैसे मागणारे उभे. म्हणून तर काही जण पुन्हा त्याच वाटेला लागतात. त्याला मूर्खपणा म्हणण्याआधी हिशेब मांडून बघ.

बायकांशी वेगळं बोल, नवऱ्यासमोर नको. तिकडे जन्मलेली मुलं अमेरिकन नागरिक असतात. काही मागेच राहतात, काही सोबत येतात आणि शाळेत पोर्तुगीजला अडखळतात. माझ्या मते तुझा खरा लेख तिथे आहे.

नावं मात्र बदल, गल्लीसुद्धा. दलाल बऱ्याचदा ओळखीतलाच असतो. आणि पोर्तुगीजची शिकवणी कधी लावतेस ते कळव. दुभाष्यासमोर कर्जाचा आकडा कोणी सांगत नाही.