कोयता जोडीचा असतो : समाजशास्त्राची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला जातात आणि वर्ग ओस पडतात. हंगाम संपल्यावर आठवी-नववीच्या काही मुली परत येतच नाहीत, त्यांचं लग्न झालेलं असतं. बालविवाहाविरुद्धचे कार्यक्रम आम्ही दरवर्षी घेतो. पालकांच्या डोक्यात उजेड का पडत नाही?

बाई, उजेड बहुधा पडलेलाच आहे. अठराच्या आत लग्न लावणं हा गुन्हा आहे हे माहीत नसतं, तर ही लग्नं लपूनछपून कशाला उरकली असती?

ऊसतोडीचा हिशेब बघा. मुकादम, म्हणजे मजूर गोळा करणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या, हे काम दोघांचं धरलेलं असतं. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. त्याचं लग्न झालं की घराची उचल वाढते, म्हणून मुलाकडच्यांना घाई असते.

मुलीकडची अडचण वेगळी. आईबाप पाच-सहा महिने फडावर, म्हणजे उसाच्या शेतांवर, जाणार. मुलीला गावात म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर ठेवायचं, की सोबत नेऊन दार नसलेल्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, ठेवायचं? दोन्हीकडे धास्ती आहे, आणि काही बरंवाईट झालं तर गाव बोट दाखवणार ते मुलीकडेच. लग्न लावलं की ही जबाबदारी दुसऱ्या घरावर जाते. उचल मोजून घेतो नवरा, त्यामुळे त्या मुलीच्या कष्टाची वेगळी नोंद कुठेच होत नाही, हेही यात धरा.

गरिबी आहेच. पण गरिबी राज्यात इतरत्रही आहे. इथे कामाची मोजणी, स्थलांतर आणि अब्रूची कल्पना या तिन्ही गोष्टी एका गाठीत आल्या आहेत. समाजशास्त्र तुम्हाला एवढंच सुचवेल की ‘हे लोक असे का वागतात’ याऐवजी ‘कोणत्या परिस्थितीत हे वागणं त्यांना शहाणपणाचं वाटतं’ असं विचारा. तसं विचारलं की भाषणांपेक्षा वेगळ्या गोष्टी नजरेत येतात. गावात हंगामी वसतिगृह चालतं का? चालत असेल तर आठवीनंतरच्या मुलीला तिथे जागा मिळते का? आणि उचल बाईच्या नावावर का निघू नये? आईबापांना दोष द्यायचा नाही असं मी म्हणत नाही. दोष देऊन तुमचा वर्ग भरणार नाही, एवढंच.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो, पुण्यात राहतो. आमच्या सोसायटीत कोणी कोणाची जात विचारत नाही. तुम्ही समाजशास्त्रवालेच ती उकरून काढता, असं नाही का वाटत?

जिन्यात विचारत नसतील, हे मान्य. लिफ्टमध्ये, ऑफिसात, गणपतीच्या वर्गणीत जात खरोखरच मागे पडली आहे. आता सोसायटीतल्या लग्नांच्या पत्रिका काढून बघा. भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत आंतरजातीय लग्नांचं प्रमाण देशभरात सुमारे पाच टक्के आढळलं. रोजच्या व्यवहारात न दिसणारी गोष्ट जोडीदार निवडताना इतकी चोख काम करत असेल, तर ती गेली असं कसं म्हणायचं?

नेमकं इथेच बोट ठेवलं होतं बाबासाहेब आंबेडकरांनी, ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात. तेव्हा त्यांचं वय पंचवीस. जातीचं मूळ सोवळ्यात किंवा धंद्यात शोधणाऱ्यांना त्यांनी सांगितलं की जातीचा गाभा म्हणजे गटातच लग्न करण्याचं बंधन. मग त्यांनी जवळजवळ गणितासारखी मांडणी केली. गटात लग्नाच्या वयाचे बायका आणि पुरुष सारख्या संख्येनं हवेत. नवरा मेला की एक बाई ‘जास्तीची’ ठरते. ती गटाबाहेर लग्न करेल ही भीती, म्हणून सती, नाहीतर सक्तीचं वैधव्य. बायको मेली की पुरुष जास्तीचा ठरतो. पण त्याला जाळायचं कोणी मनावर घेत नाही, त्याच्यासाठी पुढच्या पिढीतली लहान मुलगी आणली जाते. सती, विधवेचं केशवपन झालेलं आयुष्य आणि बालविवाह या तीन वेगवेगळ्या ‘वाईट चालीरीती’ आहेत असं समजणाऱ्या सुधारकांच्या काळात, त्या एकाच कुंपणाच्या तीन बाजू आहेत हे त्यांनी दाखवलं. माझ्या मते मराठी माणसानं केलेलं हे सर्वांत तल्लख समाजशास्त्रीय विवेचन आहे, आणि समाजशास्त्राच्या वर्गांत ते जितकं शिकवायला हवं तितकं शिकवलं जात नाही.

(वरच्या बाईंच्या प्रश्नातला बालविवाह वेगळ्या कारणानं घडतो, हेही लक्षात घ्या. प्रथा तीच असली तरी कारखाना बदललेला असू शकतो.)

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्यांची वारी आहे. वारीत सगळे समान असतात, एकमेकांच्या पाया पडतात. अभ्यासकांना त्यातही भेदभावच दिसतो. का?

माउली, दोन्ही दिसतं. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा मंडळी एकत्र चालत, एकत्र अभंग म्हणत, पण जेवायला वेगळी बसत. त्याची इरावतीबाईंना रोज खंत वाटे. तरी म्हणून त्यांनी वारीला ढोंग म्हटलं नाही. ज्या भूमीतले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, असं म्हणणाऱ्याही त्याच. पायी चालतानाची समता खरी होती आणि पंगतीची रेघही खरी होती. अभ्यासकाला दोन्ही नोंदवावं लागतं. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं, ते याच पंढरपुरात.

प्रश्न : मी वकिली करतो. सगळं परिस्थितीवर ढकललं तर गुन्हेगाराची जबाबदारी कुठे राहिली?

जिथे होती तिथेच. एमिल दुर्खीम या फ्रेंच अभ्यासकानं १८९७ मध्ये आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. विषय मुद्दाम असा निवडला, की ज्याहून खासगी निर्णय दुसरा नसेल. त्याला दिसलं की एकेका देशातलं आत्महत्यांचं प्रमाण वर्षानुवर्षं फारसं हलत नाही, प्रोटेस्टंटांत ते कॅथलिकांपेक्षा जास्त आहे, अविवाहितांत विवाहितांपेक्षा जास्त आहे. माणसं दरवर्षी वेगळी, दर मात्र तोच. हा दर का, याचं उत्तर त्यानं माणसांना एकमेकांशी बांधणाऱ्या धाग्यांत शोधलं. अमुक माणसानंच तसं का केलं, हे तो सांगत नव्हता. न्यायालयासमोर उभा असतो तो अमुक माणूस, म्हणून तिथे तुमचे नियम लागू. शहरात एखाद्या गुन्ह्याचा दर दहा वर्षं चढत असेल, तर मात्र एकेका आरोपीची उलटतपासणी करून हाती काही लागणार नाही.

प्रश्न : मुलगी समाजशास्त्रात बीए करायचं म्हणते. स्कोप आहे का?

हा प्रश्न दर वेळी येतो. मुंबई विद्यापीठात हा विभाग १९१९ पासून आहे आणि मालवणच्या गो. स. घुर्ये यांच्यासारख्यांनी तो वाढवला, त्यामुळे विषय नवखा नाही. संशोधन, अध्यापन, सामाजिक संस्था, स्पर्धा परीक्षा या वाटा आहेत. पैसा इंजिनिअरिंगइतका लवकर दिसणार नाही. तिला संख्याशास्त्राचा पेपर टाळू देऊ नका, आणि सुट्टीत एखाद्या पाहणीसाठी दारोदार फॉर्म भरायचं काम मिळालं तर पाठवा. नाही जमलं, तर विषय आपला नाही हे तिला पहिल्याच आठवड्यात कळेल.