आहार-नोंदीच्या ॲपकडून आधी कच्चा डेटा घ्या

तुमचा प्रश्न वाचून माझं पीएचडीचं दुसरं वर्ष आठवलं. सिन्नरकडच्या शेतमजूर बायकांचा आहार ॲपवर नोंदवताय, रोजची ऊर्जा जेमतेम ९०० किलोकॅलरीच्या आसपास येतेय आणि गाईड म्हणतात, बायका खरं सांगत नाहीत. बायकांवर संशय घेण्याआधी ॲपमध्ये काय निवडलं जातंय ते बघा.

बाजरीची भाकरी यादीत सापडली नाही की नोंदवणारी मुलगी ‘रोटी, मध्यम’ दाबते. ती गव्हाची आणि पातळ. वांग्याच्या भाजीला ‘वांगी, शिजवलेली’. त्यातलं दाण्याचं कूट गेलं कुठे? १०० ग्रॅम शेंगदाण्यांत पाचशेहून जास्त किलोकॅलरी असतात. दोन मोठे चमचे कूट सुटलं की नव्वद-शंभर तिथेच गेल्या.

हे दुरुस्त करता येतं, पण त्यासाठी पदार्थ, माप आणि ग्रॅम अशी ओळीओळीची नोंद हातात हवी. माझं सगळ्यात जास्त नुकसान इथे झालं. मी होते त्या संस्थेच्या कार्यालयाने ॲपचा परवाना परस्पर घेतला. फील्डवर्क संपल्यावर कंपनीकडून फाइल आली, तिच्यात फक्त दिवसाची बेरीज: ऊर्जा, प्रथिने, लोह. कोणत्या बाईने काय खाल्लं, त्याचा पत्ता नाही. कार्यालयात पत्र दिलं, तर उत्तर आलं ‘करारात तशी तरतूद नाही’. पुन्हा गेले, तर फाइल दुसऱ्या टेबलावर. बायकांनी कामाचा खाडा करून, चुलीपुढे बसून सांगितलेली माहिती होती ती, आणि एका माणसालाही करार उघडून बघावासा वाटला नाही. मला अजूनही त्याचा राग येतो.

म्हणून तुम्ही आजच एका दिवसाची नमुना फाइल काढून बघा. पदार्थ दिसत नसतील तर काम थांबवा, गाईड काही म्हणोत. हे माझं मत. तुमच्या विद्यापीठाचे नियम वेगळे असू शकतात.

फाइल मिळाली तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांवरून पुन्हा हिशेब करा. त्यात ५२८ खाद्यपदार्थ आहेत, पण मुख्यतः कच्चे. भाकरी-आमटीची कृती तुम्हालाच तोलून बसवावी लागेल. आणि त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे, किलोकॅलरीसाठी ४.१८४ ने भागा. जुन्या तक्त्यांची सवय असलेले इथे हमखास अडकतात.

बायकांना स्वतः ॲप भरायला लावू नका, असं मला ठामपणे वाटतं. फोन बऱ्याचदा मुलाकडे असतो, आणि नोंदवायचं आहे म्हटल्यावर माणूस वेगळं जेवतो. तुम्ही विचारा, तुम्हीच भरा. घरातल्याच वाट्या-पळ्यांत किती पाणी मावतं ते मोजून घ्या. ताटाचा फोटो काढलात तर वरून सरळ नको, थोडा तिरका काढा, म्हणजे वाटीची खोली कळते. चेहरे येऊ देऊ नका, आणि फोटोची परवानगी संमतिपत्रात वेगळी घ्या.

उपवासाचे दिवस वगळू नका. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ सगळ्यांना लागू नाही. मजुरीवर जाणाऱ्या कित्येक जणी चहावर दिवस काढतात. त्या दिवसाला वेगळा कोड द्या. सांख्यिकीतलं मला फारसं कळत नाही, त्यामुळे सरासरी काढताना त्या दिवसांना भार किती द्यायचा हे जाणकाराला विचारा. कराराची प्रत मिळाली तर डेटा परत देण्याचं कलम इथे टाका, मी वाचून सांगते.