बारावी सायन्सनंतर एक वर्षाचा, जॉबची हमी देणारा पॅरामेडिकल डिप्लोमा घ्यावा का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी बारावी पीसीबी पास, नीटचे मार्क एमबीबीएसच्या जवळपास पण नाहीत, आणि शहरातली एक इन्स्टिट्यूट म्हणतेय की एक वर्षाचा ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन डिप्लोमा करा, शंभर टक्के जॉब, फक्त अ‍ॅडमिशन या आठवड्यात घ्या. घरात कोणी बीबीए म्हणतंय, कोणी बीसीए.

मी स्वतः ओटी टेक्निशियन आहे, सरकारी मेडिकल कॉलेजमधून बीपीएमटी म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची डिग्री केलीय, आता एका खासगी हॉस्पिटलात आहे आणि नवीन मुलं घेताना त्यांचे कागद बघायचं काम माझ्याकडेच असतं. म्हणून सरळ सांगतो, हा एक वर्षाचा डिप्लोमा घेऊ नका.

इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन एकच गोष्ट विचारा, कोर्स संपल्यावर माझ्या मुलीची नोंदणी कुठल्या कौन्सिलमध्ये होणार, आणि ते लेटरहेडवर लिहून मागा. नर्सिंगला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आहे, फार्मसीला स्टेट फार्मसी कौन्सिल आहे, टेक्निशियन लोकांसाठी राज्याचा २०११ चा परावैद्यक परिषदेचा कायदा आहे आणि त्यावर आता केंद्राचा २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आलाय. या केंद्राच्या कायद्यात अलाइड हेल्थ प्रोफेशनल कोणाला म्हणायचं ते लिहिलंय, किमान २००० तासांचं शिक्षण आणि तेही २ ते ४ वर्षांत पसरलेलं. डिग्रीवाल्या हेल्थकेअर प्रोफेशनलला किमान ३६०० तास, ३ ते ६ वर्षांत. म्हणजे एक वर्षाचा डिप्लोमा त्या व्याख्येतच बसत नाही, मग तो कितीही चकाचक बिल्डिंगमध्ये शिकवत असोत.

जॉब शंभर टक्के म्हणतात ते अगदीच खोटं असतं असंही नाही. छोट्या नर्सिंग होममध्ये जॉब लागतो, पण नोंदणी नसल्यामुळे पुढे पगार वाढत नाही, दुसरीकडे जाता येत नाही. एनएबीएच हे दर्जाचं मानांकन असलेल्या हॉस्पिटलला प्रत्येक नर्स आणि टेक्निशियनची पात्रता तपासून फाईलला ठेवावी लागते, त्यामुळे आमच्याकडे अर्ज आला की आधी कोर्स कुठल्या विद्यापीठाचा किंवा बोर्डाचा आणि नोंदणी आहे का हेच बघतो. हाताला चांगली असलेली मुलं या एका कागदापायी परत पाठवावी लागतात, फार वाईट वाटतं हो, कारण आईबापांनी पैसे तर भरलेले असतात.

आता करायचं काय. माझा पहिला सल्ला बीपीएमटी. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा कोर्स, तीन वर्षं आणि वर इंटर्नशिप, आणि सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये मिळाला तर फी खासगीच्या मानाने फारच कमी. यात लॅब आहे, रेडिओग्राफी आहे, ओटी, कॅथलॅब, अ‍ॅनेस्थेशिया अशा शाखा आहेत. मुलीला कशाची आवड आहे ते बघा, कारण कामं अगदी वेगळी आहेत. ओटीत उभं राहायची तयारी लागते, इमर्जन्सी सिझेरियन रात्री दोनला पण येतं आणि ट्रॉली लावायला तेव्हा तुम्हीच असता. रेडिओलॉजीत रेडिएशनचे नियम कडक, छातीवर टीएलडी बॅज (अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा) लावायचा, तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो, आणि ज्या सेंटरमध्ये विद्यार्थ्यांना बॅज न देताच एक्स-रे रूममध्ये उभं करतात तिथे मुलीला पाठवूच नका. डायलिसिसचं काम तेच तेच वाटू शकतं पण त्याला मागणी आहे, २०१६ पासून केंद्राच्या योजनेत जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस सुरू झालंय, आणि पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा वर्षानुवर्षं येतात त्यामुळे त्यांच्याशी घरच्यासारखं नातं होतं, मला वाटतं शांत स्वभावाच्या मुलीला हे काम छान जमेल.

दुसरं म्हणजे बीएस्सी नर्सिंग, चार वर्षं. त्याला राज्यात वेगळी सीईटी आहे, नीटच्या मार्कांवर अडत नाही. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा आहे, पण झेपत असेल तर बीएस्सीच करा, कारण एम्सच्या नॉरसेट (नर्सिंग ऑफिसर भरतीच्या) परीक्षेला बीएस्सीवाली थेट बसते आणि जीएनएमवालीला आधी ५० खाटांच्या हॉस्पिटलातला २ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. कॉलेज निवडताना बिल्डिंग बघू नका, त्यांचं पेरेंट हॉस्पिटल बघा, दुपारी ओपीडीत आणि वॉर्डात एक चक्कर मारा, वॉर्ड रिकामा असेल तर मुलगी शिकणार कुणावर?

डी. फार्म दोन वर्षांचं आहे आणि वर ५०० तासांचं ट्रेनिंग, आता नोंदणीआधी एक्झिट एक्झामचाही नियम आलाय. स्वतःचं मेडिकल टाकायचं असेल तरच करा, नाहीतर थेट बी. फार्म. आपल्याकडे डी. फार्मची कॉलेजं भरमसाठ झालीत.

बीबीए-बीसीएबद्दल थोडंच सांगतो. २०२४-२५ पासून हे कोर्स एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेखाली आलेत आणि राज्यात त्यांना सीईटी लागते. काही कॉलेजांनी नावं बदलून तसेच कोर्स सीईटीशिवाय चालवलेत, तेव्हा डिग्रीवर नेमकं काय छापून येणार ते विचारून घ्या. बीबीए हॉस्पिटल मॅनेजमेंट केलेली मुलं आमच्याकडे बिलिंगला किंवा टीपीए (विम्याचे क्लेम बघणाऱ्या) डेस्कला लागतात, वर चढायला पुढे मास्टर्स करावंच लागतं. मुलीला कॉम्प्युटर मनापासून आवडत असेल तर बीसीए जरूर करू द्या, पण नीट गेली म्हणून बीसीए असं करू नका, पीसीबीची दोन वर्षं तिने घासलीत ती हेल्थकेअरमध्ये खरंच कामाला येतात.

आणि पैशांचं, जे तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय पण मला वाटतं खरी काळजी तीच आहे. ८ जुलै २०२४ च्या जीआरनुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारी कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेश फेरीतून) हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही, अभिमत आणि खासगी विद्यापीठांतही नाही. एससी-एसटीसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे. त्यामुळे एजंट सीट पक्की करून देतो म्हणाला की त्याच्या नादाला लागू नका, माफी हातची जाईल. हॉस्टेल आणि मेसचा खर्च मात्र धरून ठेवा, तो यात येत नाही.

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस सर्टिफिकेट याच आठवड्यात सेतूमध्ये टाका. राउंड सुरू झाले की तिथे गर्दी होते आणि दाखला वेळेत हातात आला नाही म्हणून मुली ओपनमध्ये ढकलल्या जातात.