हवामान उपग्रहांचे कॅमेरे एवढे सुधारले, तरी आमच्या बागेवर गारपीट होणार हे आदल्या दिवशी का कळत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे की, प्रत्येक नवा इन्सॅट (आपल्या भारताचा हवामान उपग्रह) गेला की ‘कॅमेरा सुधारला’ असं ऐकतो. मग निफाडच्या बागेत गारा पडणार हे आधी का सांगता येत नाही, आणि सुधारलं तरी नेमकं काय? मी नाशिकमध्ये द्राक्ष बागायतदारांना हवामानाचा सल्ला देतो. ही चित्रं रोजच बघावी लागतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅमेरे खरोखर खूप सुधारले आहेत. पण चित्र ठळक झालं हा त्यातला लहान भाग. ते किती पटापट येतं आणि किती वेगवेगळ्या किरणांत येतं, हा मोठा भाग. आदल्या दिवशीचा अंदाज हे संगणकावरच्या मॉडेलचं काम आहे. गारपिटीच्या बाबतीत उपग्रहाचं काम ढग उभा राहायला लागला की सुरू होतं.

हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर साधारण ३५,८०० किलोमीटरवर, पृथ्वीच्याच गतीने फिरतात. १९६६ साली अमेरिकेच्या एटीएस-१ वर व्हर्नर सुओमी यांचा कॅमेरा गेला, तेव्हा अख्खा उपग्रह गरागरा फिरायचा आणि प्रत्येक फेरीत पृथ्वीची एक ओळ टिपायचा. त्या उंचीवरून पृथ्वी जेमतेम १७ अंशांत मावते, म्हणजे ३६० अंशांतला बाकी सगळा वेळ कॅमेरा रिकामं आकाशच बघणार. पुढे उपग्रह स्थिर ठेवून नुसता आरसा हलवायची पद्धत आली. अमेरिकेच्या गोज मालिकेत ती १९९४ मध्ये आली. आपल्या इन्सॅट-१बी वर १९८३ पासूनच होती. मला याचा फार अभिमान वाटतो.

त्या इन्सॅट-१बी चा उष्णतेच्या, म्हणजे ढग-जमीन किती गरम-थंड हे दाखवणाऱ्या, चित्रातला एक ठिपका ११ किलोमीटरचा होता. नाशिकरोडपासून पंचवटीपर्यंतचं शहर एका ठिपक्यात! आपल्याच कल्पना-१ उपग्रहावर (२००२) तो ८ किलोमीटर झाला, इन्सॅट-३डी (२०१३) वर ४. दिवसाच्या साध्या चित्रात आता १ किलोमीटर मिळतो. जपानच्या हिमावारी-८ उपग्रहाने २०१५ मध्ये हेच आकडे अनुक्रमे २ किलोमीटर आणि अर्ध्या किलोमीटरवर आणले, पण तो १४० अंश पूर्वेला आहे, त्याला नाशिक अगदी तिरकं आणि कडेला दिसतं.

उष्णतेचं चित्र हवं तेवढं बारीक का करत नाहीत? कारण निसर्गाचाच नियम आडवा येतो. उष्णतेच्या किरणांची तरंगलांबी १० ते १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दुर्बिणीचं तोंड ३० सेंटिमीटर धरलं, तर एवढ्या उंचीवरून साधारण दीड किलोमीटरच्या आतलं काही वेगळं दिसूच शकत नाही. त्याहून बारीक हवं तर आरसा मोठा, म्हणजे वजन जास्त, म्हणजे रॉकेटही मोठं.

आता किरणांचं. कल्पना-१ च्या मुख्य कॅमेऱ्याला तीन चॅनेल होते, म्हणजे तो तीन प्रकारच्या किरणांत चित्र घ्यायचा; अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने इन्सॅट-३डी साठी बनवलेल्या इमेजरला, म्हणजे कॅमेऱ्याला, सहा आहेत. वाढलेल्यांपैकी १.६ मायक्रॉनचा चॅनेल माझा सगळ्यात आवडता. मार्च-एप्रिलच्या दुपारी सटाणा-कळवणकडे ढग फुगायला लागले की साध्या चित्रात सगळेच पांढरेशुभ्र दिसतात, त्यात डावं-उजवं करता येत नाही. १.६ मध्ये पाण्याचे ढग उजळ राहतात आणि ज्याचा माथा गोठला तो काळवंडतो, कारण बर्फ ही किरणं शोषून घेतो. पांढऱ्या गर्दीत एकच ढग काळा पडत गेलेला दिसला की समजायचं, तिथे वर बर्फ तयार झाला. त्याच वेळी उष्णतेच्या चित्रात त्या माथ्याचं तापमान झपाट्याने उतरत असेल, तर ढग जोरात वर चढतोय. गारांच्या ढगाची ही खूण.

इथेच वेळेचा मुद्दा येतो. असा एखादा ढग पाऊण-एक तासात उभा राहून मोकळाही होतो. चित्र अर्ध्या तासाने येत असेल तर तो एक-दोनदाच सापडणार, तापमान किती वेगाने उतरलं हे कळायच्या आत गारा पडून गेलेल्या. इन्सॅटचा एक इमेजर पृथ्वीचा पूर्ण गोल टिपायला जवळपास २६ मिनिटं घेतो, म्हणून आपल्याकडे दोन उपग्रहांच्या वेळा पुढेमागे ठेवून दर १५ मिनिटांनी चित्र मिळवतात. हिमावारी आणि युरोपच्या नव्या मेटिओसॅटचे १६ चॅनेलवाले कॅमेरे पूर्ण गोल १० मिनिटांत संपवतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलेल्या इन्सॅट-३डीएस वरही सहाच चॅनेल आहेत. आपल्याला १० मिनिटांचं यंत्र लवकर मिळावं असं मला मनापासून वाटतं; तोडणीला आलेल्या बागेसाठी थोडी मिनिटंसुद्धा मोलाची असतात.

डिसेंबरच्या धुक्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण डाऊनीची (द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाची) भीती तेव्हाही असते. रात्रीचं धुकं आणि जमीन जवळपास सारखीच थंड, त्यामुळे एका चॅनेलमध्ये धुकं दिसतच नाही. ३.९ आणि १०.८ मायक्रॉनच्या तापमानांची वजाबाकी केली की गोदाकाठचा धुक्याचा पट्टा स्पष्ट उठून दिसतो.

चित्र बघताना एक पथ्य पाळा. उपग्रह दक्षिणेकडून तिरका बघतो, त्यामुळे १४ किलोमीटर उंच ढगाचा माथा नाशिकपाशी साधारण सहा किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो. पंचवटीवरचा ढग म्हसरूळवर दिसणार. गट नंबर शोधून ‘आपल्यावर नाही’ म्हणू नका.

आणि उपग्रहाला फक्त माथा दिसतो. खाली गार पडली की पाणी, हे त्याला दिसत नाही. ते काम रडारचं. पण वादळी ढगाची आणखी एक खूण विजा देतात, म्हणून इन्सॅटच्या चित्राबरोबर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजा कुठे पडतायत हे दाखवणारं ‘दामिनी’ ॲप उघडं ठेवा. माथा काळा पडतोय, तापमान उतरतंय आणि त्याच भागात विजांच्या नोंदीही येत असतील, तर मजुरांना बागेतून आधी बाहेर काढा. प्लास्टिक आच्छादन ओढायचं असेल तर ते ढग दूर असतानाच ओढा, डोक्यावर आल्यावर नाही.